दोन बोटं पाणी

मी एक जुनं घमेलं आहे, मित्रांनो. लोखंडाचं. काठ एका बाजूला चेपलेला, बुडाला वाळलेल्या सिमेंटचा थर आणि कुशीत अंगठा जाईल एवढं भोक. भोकाचं आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी गोष्ट त्या भोकाभोवती फिरते. आणि खरं सांगू? ती गोष्ट मला स्वतःलाच अजून पुरती कळलेली नाही. जशी घडली तशी सांगतो. तुम्हाला कळली तर बघा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सपाट पत्रा मशीनखाली सरकवला, धाडकन आवाज झाला आणि मी खोलगट होऊन बाहेर पडलो. माझी शंभर भावंडं एकात एक बसवून ठेवलेली. तिथून आम्ही मुलुंडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. दुकानाबाहेर सुतळीने बांधून आम्हाला टांगलं होतं. एके दिवशी धोंडिराम मुकादम आला. त्याने मला बोटाने टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे. असली बारा द्या."

आपला आवाज चांगला आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण पुढे कुणीही माझा आवाज ऐकायला मला घेतलं नाही. माझ्यात माल भरला. माल म्हणजे वाळू, खडी आणि सिमेंट कालवून केलेला चिखल. गोंधळायची सुरुवात तिथूनच झाली म्हणा ना.

ते एकोणऐंशी साल होतं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक तीन मजली बिल्डिंग चढत होती. मागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे सरळ जंगल. मी द्रौपदीच्या वाट्याला आलो. सोलापूरकडची बाई, काटक, तोंडाची फटकळ. तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, माझ्यात माल, आणि आम्ही फळ्यांच्या उतारावरून वर. दिवसाला किती फेऱ्या व्हायच्या देव जाणे. पण संध्याकाळी काम सुटलं की ती मला मूठभर वाळूने घासून लख्ख धुवायची.

बाकीच्या बाया हसायच्या. "अगं, घमेलं हाय ते. सोन्याचं ताट न्हाय!"

"हसा," द्रौपदी म्हणायची. "आज वाळलेला माल उद्या माझ्याच डोक्यावर चढंल. तवा काय तुमी उचलणार हाय का?"

मला वाटायचं, ही माझ्यावर माया करते. मग वाटायचं, नाही, ही आपल्या मानेवर माया करते. मग वाटायचं, दोन्ही एकच असेल. अजून नक्की ठरलेलं नाही.

मित्रांनो, स्लॅबचा दिवस म्हणजे आम्हा घमेल्यांचा सण. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि आम्ही या हातातून त्या हातात उडत जातो. कुणाला पाणी प्यायला उसंत नसते. शेवटच्या मजल्याच्या स्लॅबला मी असाच उडत होतो, आणि वरून एक सळई सटकली. ती थेट माझ्या कुशीत घुसली. बुडापासून दोन बोटं वर, हे असं भोक पडलं.

"फुटलं. टाक ते तिकडं," मुकादम ओरडला.

द्रौपदीने टाकलं नाही. लुगड्याची चिंधी भोकात कोंबली आणि दिवस काढला. पण चिंधी किती दिवस टिकणार? बिल्डिंग पुरी झाली, मंडळी दुसऱ्या कामावर गेली आणि धोंडिरामने मला मागच्या बाजूला भिरकावून दिलं. पडताना काठ चेपला. माझा तो चांगला आवाज त्या दिवशी शेवटचा झाला.

मागची बाजू म्हणजे बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली दहा-बारा पावलांची मोकळी जागा. तिथे कुणी काही लावलं नव्हतं, पण सगळं उगवलं. गवत आलं, घाणेरी पसरली, एक पपई आपोआप वर आली. कोपऱ्यात शेवगा होता. पाला पडायचा आणि पडल्या जागी कुजायचा. मी त्यात उताणा पडलेलो. आपलं आयुष्य वाया गेलं असंच मी धरून चाललो होतो. पाऊस आला की मी भरायचो, पण भोकापर्यंतच. पुढचं पाणी वाहून जायचं. माझ्यात कायम दोन बोटं पाणी. धड रिकामा नाही, धड भरलेला नाही.

मग एक दिवस साळुंकी आली. काठावर बसली. मी म्हटलं, चला, माल न्यायला कुणीतरी आलं. ही एवढीशी मला उचलणार कशी, याच विचारात मी होतो, तेवढ्यात ती पाण्यात उतरली. पंख फडफडवले, पाणी उडवलं, दोन डुबक्या मारल्या आणि गेली. काही घेऊन गेली नाही. मला कळेचना. हे काय काम झालं?

दुसऱ्या दिवशी ती चौघींना घेऊन आली.

तळमजल्यावर सहदेवकाका राहतात. मालवणकडचे. परळच्या गिरणीत साच्यांवर बावीस वर्षं काढलेली. साचा म्हणजे कापड विणायचा माग. गिरणी जोरात होती तेव्हाच त्यांनी ही एक खोली-किचन घेऊन ठेवली होती. ब्याऐंशीला संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढे त्यांना मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी कपाटं रंगवायचं काम मिळालं, पण मधलं दीड वर्ष ते घरीच होते. मागच्या खिडकीत बसायचे. साळुंक्या माझ्यात आंघोळ करताना सगळ्यात आधी त्यांनीच बघितल्या.

दुसऱ्या सकाळी ते तांब्या घेऊन आले आणि माझ्यात पाणी ओतलं. भोकातून वाहिलं तेवढं वाहू दिलं. मग रोजच यायला लागले.

त्यांची बायको, सुगंधाकाकू, खिडकीतून ओरडायच्या, "काय ओ, नळ तासभर येता. त्येतला पाणी पाखरांक?"

"एकच तांब्यो घालतंय गो."

"आज एक. उद्या म्हणशाल, त्यांका न्हावक गरम करून दी!"

पण तांदूळ निवडले की कण्या त्या स्वतःच खिडकीतून बाहेर टाकायच्या. टाकताना कुणी बघत नाही ना हे बघून घ्यायच्या.

मित्रांनो, दोन-तीन वर्षांत माझ्याकडे कोण कोण आलं सांगू? चिमण्या तर होत्याच. बुलबुल आले, पिकलेल्या पपईला टोचे मारून चोच धुवायला यायचे. दयाळ आला. खार यायची, काठाला पुढचे दोन पाय टेकवून प्यायची आणि दर घोटाला मागे बघायची. भिंतीच्या भोकातून मुंगूस यायचं, ते कुणाला घाबरायचं नाही. सहदेवकाकांनी पपई तोडायची बंद केली. पाला झाडायचाही विचार त्यांच्या मनात आला नाही, कारण मरोळहून थकून आल्यावर झाडतो कोण? जागा होती तशी राहिली. आणि ती जितकी अशी राहिली तितके पाहुणे वाढले. मला वाटायचं, ही कसली माणसं आणि कसले पाहुणे. सगळं उलटंच.

एक गोष्ट मला फार छळायची. बुलबुल अगदी खिडकीच्या गजावर बसून गायला तरी सहदेवकाकांची मान वळायची नाही. चिमण्यांनी कितीही कलकलाट केला तरी नाही. पण घाणेरीच्या जाळीतून एखाद्या सकाळी 'कूप, कूप, कूप' असा खोल आवाज यायचा आणि हा माणूस ताटावरून उठून उभा राहायचा.

तो भारद्वाज होता. कावळ्याएवढा, काळाभोर, विटकरी पंख, लाल डोळे. कधी उडत आला नाही. पाल्यातून चालत यायचा, सावकाश, आपल्याच वाड्यात फिरणाऱ्या इनामदारासारखा. पाला चोचीने उलटायचा, त्यातली गोगलगाय उचलायचा, मग माझ्या चेपलेल्या काठावर उभा राहून दोन घोट पाणी घ्यायचा. सहदेवकाका खिडकीत श्वास रोखून उभे. तो गेला की म्हणायचे, "सुगंधा, इललो गो!" आला होता! काकू म्हणायच्या, "इललो तर इललो. जेवा आता." पण हसायच्या.

आता शहाऐंशीच्या मे महिन्यातलं सांगतो. आमच्या सोसायटीला हॉल नाही, म्हणून मीटिंग मागच्या जागेतच भरायची. घराघरांतून खुर्च्या आल्या. सेक्रेटरी नंदकिशोर, दुसऱ्या मजल्यावरचे, सरकारी हपिसात आहेत. माणूस वाईट नव्हता. फक्त यादी घेऊन फिरायचा.

"मुद्दा नंबर तीन," ते म्हणाले. "ही मागची जागा. पावसाच्या आधी इथे कोबा टाकून घेऊ. सिमेंटची फरशी झाली की स्कूटर आत लावता येतील. परवा रस्त्यावरून माझी स्टेपनी गेली. आणि हे रान बघा! उद्या एखादं जनावर निघालं तर जबाबदार कोण? सेक्रेटरी!"

सगळ्यांनी माना हलवल्या. मित्रांनो, त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. स्टेपनी खरंच गेली होती.

सहदेवकाका उठून उभे राहिले. मीटिंगमध्ये ते याआधी कधी बोलले नव्हते.

"साहेब, इथे भारद्वाज येतो."

"मग मेंबर करून घ्या त्याला!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

नंदकिशोर हसले नाहीत. त्यांनी यादी खाली केली. "भारद्वाज? म्हणजे खरा? लाल डोळ्यांचा?"

"हां साहेब. पाणी प्यायला येतो."

"अहो, मग बोलला नाहीत कधी! भारद्वाज दिसणं म्हणजे शुभ. माझी आजी म्हणायची, सकाळी बाहेर पडताना भारद्वाज दिसला की काम झालंच." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज कमी केला, पण मी जवळच होतो. "पुढच्या मंगळवारी माझी खात्याची परीक्षा आहे. प्रमोशनची. दोनदा गचकलोय."

मग जरा मोठ्याने म्हणाले, "असं करू. रविवारी सकाळी मी इथे येऊन बसतो. मला दाखवा. दिसला तर कोबा रद्द, माझा शब्द. नाही दिसला तर सोमवारी मुकादम कामाला लागेल. मंजूर?"

"मंजूर," सहदेवकाका म्हणाले.

मित्रांनो, इथून पुढे जे झालं ते नीट ऐका, कारण मी त्याच्यावर खूप डोकं खाजवलंय.

शनिवारी सहदेवकाकांनी रजा टाकली. उद्या घरी सेक्रेटरी येणार आणि त्यांना बघायला भारद्वाज येणार. म्हणजे एकदम दोन पाहुणे! आणि पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? घर झाडतात. काकांनी खराटा घेतला आणि सगळा पाला झाडून शेवग्याच्या कोपऱ्यात लोटला. जाळणारच होते, पण काकू ओरडल्या, "माझे कपडे सुकतत दोरयेर! धूर करशाल तर बघा!" म्हणून ढीग तसाच राहिला. मग कोयत्याने घाणेरी साफ केली. गवत उपटलं. पपईच्या बुंध्याला चुना आणि गेरू लावला, रस्त्यावरच्या झाडांना लावतात तसा. काकूंनी गोठ्यातून शेण आणवून जमीन सारवली.

मग माझी पाळी आली.

त्यांनी मला घासलं. काठाचा चेप हातोडीने जमेल तेवढा सरळ केला. वर्कशॉपमधून आणलेलं डांबर तापवून माझं भोक बुजवलं. सात वर्षांनी मी पुरा झालो! आणि वरून चंदेरी रंगाचे दोन हात दिले, कपाटाच्या आरशाभोवती देतात ना तो. काकूंनी माझ्याभोवती रांगोळी काढली. काठोकाठ पाणी भरलं. एक थेंब गळला नाही.

"झकास!" सहदेवकाका मागे सरून म्हणाले. बावीस वर्षं साच्यांवर काढलेला माणूस माझ्याकडे असा बघत होता, की मला वाटलं, माझा तो चांगला आवाजसुद्धा आता परत येईल. याला म्हणतात काळजी घेणं, मी म्हटलं. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होतो.

रविवारी सकाळी साडेसहाला नंदकिशोर आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. दोन खुर्च्या मांडल्या. काकूंनी चहा दिला.

सात वाजले. कुणी नाही.

साळुंकी भिंतीवर आली. तिने माझ्याकडे बघितलं. ऊन माझ्यावर पडून सगळीकडे चकाकत होतं. ती उडून गेली. बुलबुल आला, काठावर उतरला, रंगावरून त्याचा पाय सटकला. खाली बघतो तर केवढं पाणी! गेला. खार झाडावरून अर्धी उतरली, सारवलेल्या मोकळ्या जमिनीकडे बघून परत वर गेली. लपायला काहीच नव्हतं ना. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, अरे मीच आहे! मीच तो! आता तर गळतसुद्धा नाही!

आठ वाजले. सहदेवकाका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. नऊ वाजले. एक कावळा आला आणि शिळ्या पोळीचा तुकडा माझ्यात भिजवून घेऊन गेला. तेवढंच.

"कावळ्याचं काही शुभ असतं का हो?" नंदकिशोरांनी विचारलं. थट्टा नव्हती, खरंच विचारलं.

"पितृपक्षात," काका म्हणाले आणि आत गेले.

काकू कप उचलायला आल्या. हळूच म्हणाल्या, "साहेब, एक सांगते, त्यांना सांगू नका. साच्यांच्या आवाजाने ह्यांचे कान गेलेत. मोठ्याने किंवा जाड आवाजात, खालच्या पट्टीत बोललं, तर कळतं. पण चिमणी, बुलबुल, बांगड्यांचा आवाज, काय ऐकू येत नाही. त्या एकाच पाखराचा आवाज जाडा आहे. तेवढा एकच येतो त्यांना."

मित्रांनो, मी लोखंड आहे. तरी मला काहीतरी झालं. म्हणजे ही सगळी आरास एका आवाजासाठी होती. आणि तो आवाजच आला नव्हता.

नंदकिशोरांनी रांगोळीला पाय लागू नये म्हणून खुर्ची मागे घेतली. दहाला उठले. काका दारात होते.

"सहदेवराव, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "जागा मात्र तुम्ही छान साफ केलीत. आता कोबा टाकायलाही सोपं जाईल."

त्यांना दुखवायचं नव्हतं. खरंच कौतुक करायचं होतं. पण सहदेवकाकांनी मागची खिडकी लावून घेतली.

सोमवारी मुकादम आला. कोण म्हणाल? धोंडिराम! केस पांढरे झाले होते. आणि माणसांत द्रौपदी. मला वाटलं, मी परत एकोणऐंशीत गेलो. एक घमेलं कमी पडलं तेव्हा मुकादमाने इकडेतिकडे बघितलं, मी चमकत होतोच. माझ्यातलं पाणी ओतलं, माल भरला आणि मी द्रौपदीच्या डोक्यावर.

आता बघा माझी काय अवस्था. हे तर माझं मूळ काम! मला आनंद व्हायला हवा होता. डोक्यावर बसलोय, खाली माणसं, वर आभाळ. पण तो माल कुठे पडत होता? जिथे खार मागे वळून बघायची तिथे. जिथे भारद्वाज पाला उलटायचा तिथे. मीच तो वाहून नेत होतो. मी खूश होऊ का रडू, काही समजेना.

दुपारपर्यंत गेटच्या बाजूची अर्धी जागा झाली. उन्हाने डांबर मऊ पडत गेलं आणि एका फेरीला ते भोकातून सटकलं. द्रौपदीच्या गालावरून सिमेंटचं पाणी ओघळलं.

"आगं बया!" तिने मला खाली आपटलं. वाकून भोकात बोट घातलं. आणि हसायलाच लागली. "मुकादम, हे आपलंच घमेलं की वो! स्लॅबचं! मेलं अजून गळतंयच!"

"टाक तिकडं," धोंडिराम म्हणाला. त्याला दुसरं वाक्य येतच नसावं.

काम सुटल्यावर तिने जुन्या सवयीने मूठभर वाळू घेतली आणि मला घासलं. सहदेवकाकांचा चंदेरी रंग वाळूबरोबर निघून गेला. मग ती मला शेवग्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली, न जाळलेल्या पाल्याच्या ढिगापाशी ठेवलं, पिंपातलं स्वच्छ पाणी घेऊन माझ्यातच हातपाय धुतले, ते ओतून दिलं आणि जाताना अजून एक डबा पाणी ओतलं. कशासाठी ओतलं? विचारायची सोय नव्हती. भरलो, भोकातून वाहिलो आणि थांबलो. दोन बोटं पाणी.

मंगळवारी सकाळी सातला नंदकिशोर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात परीक्षेचं पॅड. जाता जाता कोबा नीट बसलाय का बघायला म्हणून मागे वळले, आणि जागच्या जागी थिजले.

पाल्याच्या ढिगामागून तो चालत आला होता. काळाभोर. विटकरी पंख. सगळा पाला तीन दिवस एका जागी साठलेला, त्यात किडे किती, विचारू नका. त्याने एक गोगलगाय उचलली. माझ्या काठावर चढला. काठाला गंज होता, पाय सटकला नाही. खाली वाकला आणि पाणी प्यायला.

"सहदेवराव," नंदकिशोर कुजबुजले. खिडकी बंद. कुजबूज कुणाला ऐकू जाणार? हाक मारावी तर पक्षी उडेल. ते तसेच उभे राहिले, पॅड छातीशी धरून.

मग भारद्वाजाने मान खाली घातली आणि आवाज दिला. कूप. कूप. कूप. कूप.

आत कप बशीवर आदळला. खिडकी उघडली. सहदेवकाकांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग नंदकिशोरांकडे.

"ऐकू आलं?" नंदकिशोरांनी खालच्या, जाड आवाजात विचारलं. भारद्वाजाच्या पट्टीतच.

"आलं," काका म्हणाले. डोळे पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात धोंडिराम माणसं घेऊन आला. "साहेब, उरलेलं अर्धं सुरू करू ना?"

"गप रे! हळू. इथेच थांबव काम."

"साहेब," सहदेवकाका म्हणाले, कारण ते सरळ माणूस होते, "शब्द रविवारचा होता. रविवारी तो आला नाही."

"मग? त्याला आपण काय कॅलेंडर दिलं होतं का?" नंदकिशोर म्हणाले आणि दबक्या पावलांनी परीक्षेला गेले.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल, ते पास झाले. नाही झाले. तिसऱ्यांदा गचकले. मग शुभ शकुनाचं काय, असं मला विचारू नका, मीही तेच विचारतोय. कोबा मात्र अर्ध्यावरच राहिला. आजही तसाच आहे. इकडे सिमेंट आणि स्कूटर, तिकडे गवत आणि पाला, मध्ये वेडीवाकडी रेघ. द्रौपदीच्या शेवटच्या घमेल्याची रेघ. घाणेरी परत उगवली. पाल्याला आता कुणी हात लावत नाही.

सहदेवकाकांची सकाळची पाळी असते तेव्हा नंदकिशोर स्वतः तांब्या घेऊन येतात. "चौथ्यांदा बसतोय," असं काकूंना सांगतात. "तोपर्यंत याला पाणी तरी घालतो." मागच्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कुशीत बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे तर गळतंय! सहदेवराव, मी मस्त बुजवून देऊ का?"

सहदेवकाका खिडकीतून एवढ्या जोरात ओरडले की शेवग्यावरच्या सगळ्या साळुंक्या उडाल्या.

"भोकाला हात लावायचा नाही!"

मित्रांनो, मला दोनदा फेकून दिलं आणि एकदा रंगवलं. फेकलेलं लागलं नाही इतकं रंगवलेलं लागलं. असं का, ते मी सांगू शकत नाही. पण तुमच्या घरामागे चार हात माती असेल आणि त्यात माझ्यासारखं एखादं फुटकं भांडं पडलं असेल, तर उन्हाळ्यात रोज त्यात पाणी घाला. त्याच्या आजूबाजूचं जरा राहू द्या, जसं आहे तसं. आणि त्याच्यावर फार माया आलीच, तरी एवढं करा.

भोक बुजवू नका.